होमस्टे-हॉटेलवाल्यांचं ट्रेनिंग घेताय? या चुका टाळा

नव्या ट्रेनरचा फोन आला की मागणी ठरलेली असते: "सर, तुमची पीपीटी व्हॉट्सॲपवर टाकता का? परवा मालवणात सेशन आहे." मी टाकत नाही. यात कंजूषपणा नाही, ती पीपीटी आता मी स्वतःच वापरत नाही. कॉलेजात बरीच वर्षं सर्व्हिस शिकवली. आता पावसाळाभर सिंधुदुर्गात होमस्टेवाले, खानावळवाले, हॉटेलातली पोरं आणि अधूनमधून हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षक यांचे वर्ग घेतो. दरवर्षी तेच घोळ बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

फाइव्ह स्टारचा धडा घेऊन पडवीत जाणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती आधी मी केलेली आहे. गावातल्या माझ्या पहिल्या वर्गाला 62 स्लाइड होत्या. कुठल्या वाइनला कुठला ग्लास, काटा डावीकडे का, नॅपकिनची घडी कशी. समोर बसलेल्या बहुतेकांकडे दोन-तीन खोल्या, मागे माड आणि पाहुण्याला सुरमईचं ताट. नवव्या स्लाइडला लाईट गेली. जनरेटरची चावी ज्याच्याकडे होती तो कुडाळला गेलेला. मी तसाच अंधारात वाइन ग्लास तोंडी समजावत राहिलो.

मागच्या रांगेतून एक काकी म्हणाल्या, "सर, ता ऱ्हवांदे. कोकणकन्येन इलेली माणसां सकाळी नऊक दारात उभी. रूम खाली होतली बारांक. तवसर त्यांका खंय बसवूचा?"

माझ्याकडे यावर स्लाइड नव्हती. उत्तरही नव्हतं.

मग खुर्च्या सरकवून आम्ही पडवीत आलो. दोघांना बॅगा दिल्या, ते पाहुणे झाले. यजमान झालेल्या तरुणाने दारातच सांगितलं, "रूम बाराला मिळेल." शब्द बरोबर होते. पण रात्रभर कोकणकन्या एक्स्प्रेसच्या बर्थवर आखडून, वर तासभर रिक्षात हाडं खिळखिळी करून आलेल्या माणसाला पहिलं वाक्य हे ऐकवायचं? पाचव्या खेपेला क्रम जमला. आधी "या, हातपाय धुवा", मग बॅगा कुठे ठेवायच्या ते, मग चहा, आणि चहाचा कप हातात असताना खोलीची वेळ. बाहेरच्या न्हाणीघरात धुतलेले दोन टॉवेल तयार. नाश्त्याचे पैसे वेगळे असतील तर घावणे ताटात पडायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. सगळ्यात कामाचा प्रश्न तर बुकिंगच्या फोनवरच विचारायचा: "कुठल्या गाडीने येताय?" तेवढं कळलं की निम्मी सकाळ सुटते.

तेव्हापासून माझी सवय अशी: वर्गाच्या आदल्या दिवशी गावात पोचायचं, वर्गाला येणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी पैसे देऊन राहायचं आणि रात्री पंखा, उशी, गीझर, डास यांची यादी करायची. सकाळचा वर्ग त्या यादीवर. घरमालकाचं नाव अर्थातच घ्यायचं नाही. हा एक दिवस वाचवायला बघणारे ट्रेनर मला चालत नाहीत, मग ते कितीही फर्डा बोलोत.

शंभर माणसांचा हॉल

आयोजकाला फोटोत गर्दी हवी असते, हे मला कळतं. पण बेड कसा करायचा हे शंभर जणांना "दाखवता" येतं, शिकवता येत नाही. मी चोवीस माणसं आणि दोन गाद्या घेतो. दोघादोघांच्या बारा जोड्या, सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला आठ मिनिटं. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं नुसती चादर.

या वेळावर हमखास कुरकुर होते. एकदा अशाच घाईत मी फक्त करून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. महिन्याभराने त्यातल्या एका लॉजवर गेलो, तर चादरीचे कोपरे नीट पाकिटासारखे दुमडलेले, ताणही छान. गादी उचलली तर खाली कालच्या पाहुण्याचा मोजा. पोराने गादीची बाजू उचलून कोपरा खोचलाच नव्हता, वरच्यावर दाबून बसवला होता. माझंही तसंच दिसलं असणार, कारण मी दाखवताना त्याच्याकडे पाठ करून उभा होतो. आता मी गादीला हात लावत नाही. ती करतात, मी पायथ्याशी उभा राहून बघतो आणि चुकलं की चादर ओढून काढतो. दुसऱ्यांदा ओढली की चेहरे पडतात. पडू देत.

शिक्षकांचं दुखणं वेगळं

शिक्षकांच्या सेमिनारला अनेक जण बढतीच्या फाइलसाठी येतात. त्यात गैर काही नाही, पण मग मागे बसून उत्तरपत्रिका तपासू नयेत. मी त्यांना केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, लिहायला लावतो. ऑर्डर देणारा भरभर बोलतो, मध्येच एक सोलकढी रद्द करतो, शेजारच्या टेबलावरून दुसरा हाक मारतो. मागच्या खेपेला सहापैकी चौघांनी टेबल नंबरच लिहिला नाही. हीच माणसं केओटीवर दहा मार्कांचा प्रश्न काढतात! माझा उपाय कुणाला आवडत नाही: सेमिनारचे दोन दिवस असतील तर एक पूर्ण दिवस हॉटेलच्या मागच्या दाराने आत. स्टोअर, भांडी घासायची जागा, लाँड्री. लॉबीत कॉफी पीत झालेली इंडस्ट्री व्हिजिट मी मोजत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

तारीख. मे महिन्यात कुणी येणार नाही. लावणीच्या दिवसांत नाही, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर विचारूच नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे लावणी उरकल्यावरचे जुलैअखेरचे दिवस मला बरे पडतात.

उद्घाटन. सत्कार आणि भाषणं जेवणानंतर ठेवा. सकाळची ताजी डोकी नारळ-शालीत घालवू नका.

अन्नसुरक्षा. "5 ते 60 अंश धोक्याचे" एवढं सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. सकाळी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं पातेलं हॉलच्या कोपऱ्यात ठेवा आणि दर तासाला कुणालाही थर्मामीटर बुडवून आकडा फळ्यावर लिहायला सांगा. दुपारी ते पातेलं कुणी वाढून घेत नाही. आणि "वीजबिल वाचतं" म्हणून रात्री फ्रिज बंद ठेवणारे किती, हे हात वर करायला लावून नका विचारू, चिठ्ठीवर विचारा.

रजिस्टर. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. हे नुसतं सांगू नका, फॉर्म मोबाइलवर उघडून भरायला लावा.

इंग्रजी. "वेलकम ड्रिंक" पाठ करून घेऊ नका. कोकमचं सरबत काय असतं ते हिंदीत दोन वाक्यांत सांगता आलं तरी पुरे.

सर्टिफिकेट. दुपारी चारला वाटलं की साडेचारला हॉल रिकामा. मी ती पिशवीतच ठेवतो आणि महिन्याभराने ज्याच्या त्याच्या घरी जाऊन देतो. आयोजक म्हणतात, प्रवासखर्च कोण देणार? दोन वेळा मीच दिला. तिसऱ्या वेळेपासून तो कोटेशनमध्ये लिहितो, आणि त्यावर घासाघीस सुरू झाली की तारीख देत नाही. सर्टिफिकेट देतानाही चहा घ्यायच्या आधी गादी उचलून बघतो.