सहकाऱ्याच्या तासाचे निरीक्षण कसे करावे
सत्रअखेरीस भरून घेतलेले विद्यार्थ्यांचे अभिप्राय नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत शोभतात. पण अध्यापन खरोखर सुधारायचे असेल, तर सत्राच्या मध्यावरच एखाद्या सहकाऱ्याला तासाला बसवावे. निरीक्षकाने आदल्या दिवशी प्राध्यापकांशी बोलून नेमके काय पाहायचे ते ठरवावे, मागच्या बाकावर बसावे आणि शेरे न मारता जे घडले तेवढेच वेळेनिशी टिपावे : ‘१०.२० – प्रश्न विचारला. २ सेकंदांत स्वतःच उत्तर दिले.’ अशी एक नोंद ‘संवाद वाढवा’ या सल्ल्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. चर्चा एक-दोन दिवसांत, दोघांतच व्हावी. ही टिपणे पदोन्नतीच्या कागदपत्रांत मात्र जाऊ देऊ नयेत, अन्यथा पुढच्या वेळी पाहायला मिळेल तो केवळ सजवलेला तास. पुढील निरीक्षणात एकच बदल तपासावा, उदाहरणार्थ, प्रश्नानंतर ३-४ सेकंद थांबणे.