इंदूरला पोहे-जिलबी खायची, तर

पुण्या-नाशिकचा माणूस इंदूरचे पोहे पहिल्यांदा खातो, तेव्हा त्याची कुरकुर ठरलेली असते. कांदा परतलेला नाही, शेंगदाणे नाहीत, तेल जाणवत नाही, आणि वर गोडसर लागतात. सगळं खरं आहे. इथे पोहे वाफेवर ठेवलेले असतात आणि त्यांची अर्धी चव प्लेटमध्ये, तुमच्या डोळ्यांसमोर तयार होते. म्हणून कधी जायचं, काय सांगायचं आणि किती वेळात संपवायचं, हे माहीत असलं तर त्याच दुकानातली तीच प्लेट कितीतरी चांगली लागते.

खाली मोठ्या भगोन्यात पाणी उकळत असतं, वर पोह्यांचं रुंद पातेलं किंवा परात. जाडे पोहे धुऊन, निथळवून त्यांना हळद, मीठ, साखर लावलेली असते. फोडणीत मोहरी, बडीशेप, अख्खे धणे आणि हिरवी मिरची. मऊपणा वाफेतून येतो, त्यामुळे तेल कमी लागतं. तोटाही त्याच वाफेचा. पोहे फार वेळ राहिले, तर तळाचे ओले होऊन लगदा होतो आणि वरचा थर हवेने सुकून चिवट होतो. मधले मात्र अगदी हवे तसे असतात. सुरुवातीला किंवा शेवटी पोहोचलात, तर दुकानदाराला सरळ सांगा, “भैया, बीच में से देना.” कोणी रागावत नाही.

दुकान निवडताना पाटीपेक्षा ढिगाकडे बघा. डाव घातला की वाफ उसळली पाहिजे आणि डावातून पडताना दाणे सुटे पडले पाहिजेत. गोळा पडत असेल, तर कचोरी मागा आणि पोहे उद्यावर टाका. ढिगावर टोमॅटो-मिरच्यांची कितीही नक्षी असली, तरी त्यावरून काही कळत नाही. गर्दी मात्र बरंच काही सांगते: ढीग भराभर उतरतो तिथे कुठलेच पोहे फार वेळ वाफेवर राहत नाहीत. रोजच्या दिवशी साडेसात ते साडेनऊ ही चांगली वेळ. रविवारी अकरापर्यंतही चालतं, पण उभं राहायला जागा शोधावी लागते.

बाहेरगावचे पाहुणे एक चूक हमखास करतात. खाण्यासाठी सराफ्याचं नाव ऐकलेलं असतं, म्हणून सकाळीच तिकडे निघतात. सराफा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आहे. पेढ्या बंद झाल्यावर रात्री तिथे खाण्याची दुकानं लागतात. सकाळसाठी न्यू पलासियातलं छप्पन दुकान सोयीचं, कारण एका रांगेत सगळं मिळतं. उसळ-पोहे हवे असतील, तर राजवाड्याच्या आसपास बघा. पण रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्तीत उतरला असाल, तर कोपऱ्यावरचं दुकान सोडून लांब जायची गरज नाही. रोज तेच गिऱ्हाईक येतं, म्हणून दुकानदाराला शिळं खपवता येत नाही.

आता प्लेट. दुकानदाराचा हात फार वेगाने चालतो. पोहे, शेव, कांदा, कोथिंबीर, जिरावन मसाला, लिंबाची फोड, सगळं काही सेकंदांत पडतं. काही वेगळं हवं असेल, तर त्याने प्लेट उचलताच बोला, नंतर उपयोग नाही. “नींबू पहले, सेव आख़िर में” एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. लिंबाचा रस शेवेवर पडला, की शेव लगेच नरम होते आणि आंबटपणा वरच्या थरातच राहतो. आधी पिळून एकदा हलवलं, तर तो पोह्यांत मुरतो. लिंबू फोडीच्या रूपातच आलं, तर चमच्याने शेव बाजूला सारून पिळा.

जिरावन म्हणजे धणे, जिरं, बडीशेप, सुंठ, लवंग, दालचिनी, हिंग, आमचूर, लाल तिखट आणि काळं मीठ यांची पूड. प्रत्येक दुकानाचं प्रमाण वेगळं. जास्त मागायच्या आधी दोन घास खाऊन बघा, कारण जिरावनात मीठ, शेवेत मीठ आणि पोह्यांतही थोडं मीठ असतंच. पहिल्याच दमात जास्तीचं जिरावन घालून घेणारा माणूस हमखास पाणी मागत बसतो. खारट झालंच, तर नुसते पोहे थोडे वाढून घ्या. लिंबाने ते निस्तरत नाही.

शेव दोन-तीन तऱ्हेची ठेवलेली असते. बारीक फिकी शेव पोह्यांत मिसळून जाते. रतलामी जाड, लवंग-मिऱ्याची, कुरकुरीत जास्त वेळ राहते. सावकाश खाणाऱ्याने हीच घ्यावी. काही ठिकाणी खारी बुंदी आणि डाळिंबाचे दाणेही घालतात. डाळिंब शोभेचं वाटतं, पण तिखट शेवेबरोबर छान जमतं. कांदा कच्चा आणि वरून असल्यामुळे न खाणाऱ्यांची सोय सोपी आहे: “बिना प्याज” एवढंच म्हणायचं.

जिलबी वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या प्लेटमध्ये घ्या. पोह्यांच्या कडेला ठेवली, की पाक शेवेत जातो आणि दोन्ही बिघडतात. एका माणसाला 50 ग्रॅम पुरते, दोघांत 100 ग्रॅम. मागण्याआधी कढईकडे बघा, घाणा निघत असेल तर थांबा. ताजी जिलबी दाताखाली कडकन मोडते आणि आतून पाक येतो. पीठ नीट आंबलेलं असलं, तर गोडाच्या मागे हलका आंबटपणा लागतो. पाकात जास्त वेळ राहिलेली लोळागोळा होते, आणि थंड झालेलीवर साखरेची पांढरी पापडी दिसते. अशी असेल, तर घेऊ नका, पोह्यांवरच भागवा. एक घास पोह्यांचा, एक तुकडा जिलबीचा, असं आलटून-पालटून खायचं. जिलबी शेवटी गोड म्हणून राखून ठेवली, तर ती गार होते आणि पोह्यांचा तिखटपणाही तोडत नाही.

उसळ-पोह्यांचा हिशेब निराळा. पोह्यांवर मटकीची किंवा वाटाण्याची तिखट उसळ, वर तर्री, मग शेव-कांदा. नागपूरच्या तर्री-पोह्यांची सवय असलेल्याला इथली बडीशेप आणि खालचा गोडवा आधी चकवतो. “तर्री कम” सांगून सुरुवात करा, नंतर वाढून मिळते. हे पाच मिनिटांत संपवायचं खाणं आहे. गप्पांत वेळ गेला, तर पोहे रस पिऊन फुगतात आणि चमच्याला चिकटतात. यात जिरावन घालू नका, मसाल्यावर मसाला होतो.

खाऊन झाल्यावर लिंबाची साल आणि उरलेलं अन्न ओल्या कचऱ्यात, कोरडा कागद सुक्या कचऱ्यात. 2017 पासून सलग काही वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलेलं शहर आहे. चुकीच्या डब्यात टाकलंत, तर दुकानदार नाही तर शेजारी उभे असलेले काका तरी टोकतीलच.

घरी न्यायचं असेल, तर स्टीलचा डबा घेऊन जा. वर्तमानपत्रात गरम पोहे बांधून घेऊ नका, शाई अन्नाला लागते. शेव, कांदा, लिंबू वेगळं मागा. डब्याचं झाकण पूर्ण दाबलं, तर वाफेचं पाणी परत पोह्यांवर पडतं, म्हणून ते थोडं उघडं ठेवा. घरी गरम करताना कढईत परतू नका, दाणे कडक होतात. पातेल्यात पाणी उकळून वर चाळणी ठेवा, पोहे पसरा, झाकून तीन-चार मिनिटं वाफ द्या. फार सुकले असतील, तर आधी चमचाभर पाणी शिंपडा. जिलबी डब्यात कोंडू नका, कागदातच उघडी आणा. मायक्रोवेव्हमध्ये ती रबरासारखी होते. तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर ठेवली, तर थोडा कुरकुरीतपणा परत येतो, पण पाक जळायच्या आत उतरवावी लागते.