जेवताना गप्पा रंगवणारा चिठ्ठ्यांचा डबा

एक रिकामा डबा घ्या आणि वहीच्या कागदाच्या वीस-पंचवीस चिठ्ठ्या करा. घरातल्या प्रत्येकाने, अगदी आजी-आजोबांनीही, चार-पाच प्रश्न लिहायचे. सगळे प्रश्न आईनेच लिहिले तर मुलांना ती तोंडी परीक्षा वाटते.

खरी मेख प्रश्नात आहे. ‘आज शाळेत काय झालं?’ याला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं, कारण प्रश्न फार मोघम. त्याऐवजी ‘आज तुझ्या डब्यातलं कोणी पळवलं?’ असं विचारा. आजोबांना ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ नको, ‘पहिल्या पगारातून काय आणलंत?’ विचारा. एक नेमकी वस्तू आठवली की ते दुकान, तेव्हाचा भाव, सोबतचा मित्र, सगळं मागोमाग निघतं.

पानं वाढून झाली की एकच चिठ्ठी काढा. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिलं उत्तर मोठ्यांनी द्यावं, म्हणजे लहानांची भीड चेपते. ‘पास’ म्हणायची मुभा हवीच. मार्क आणि लग्न हे विषय डब्यात नकोत. मूल बोलत असताना मध्येच उपदेश सुरू केलात, तर दुसऱ्या दिवशी ते तोंड उघडणार नाही.