व्हीईपीचा पी१०० दोन लॅबमध्ये वेगळा का येतो आणि त्यावर काय करायचं

व्हीईपी म्हणजे पडद्यावर उलटापालट होणारे काळे-पांढरे चौकोन दाखवून डोक्यामागून मेंदूचा रिस्पॉन्स टिपायची टेस्ट, आणि पी१०० म्हणजे त्यातली साधारण १०० मिलीसेकंदांना येणारी पॉझिटिव्ह लाट. मागे आमच्या लॅबमधला जुना सीआरटी डबा गेला आणि त्याच्या जागी चकाचक एलसीडी मॉनिटर आला. पुढच्या आठवड्यात जो येईल त्याचा पी१०० लांबलेला. शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीला धरून बसवलं, नजर एकदम ठणठणीत, तर तिचाही लांबलेला! तेव्हा ट्यूब पेटली की आजारी पेशंट नाहीये, पडदा आहे. मशीन म्हणतं आत्ता चौकोन उलटले, पण एलसीडीवर ते प्रत्यक्षात काही मिलीसेकंदांनी उलटतात आणि तो सगळा उशीर पेशंटच्या नसेच्या खात्यावर जमा होतो. ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज आली की, हा रिस्पॉन्स उशिरा येतो हे हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलं, तेव्हापासून ही टेस्ट मुळात उशीर मोजण्यावरच चालते, त्यामुळे १० मिलीसेकंद म्हणजे काही चिल्लर नाही.

तर ज्यांनी नुकतं व्हीईपी सुरू केलंय त्यांच्यासाठी लिहितोय. नियम आपण शोधायची गरज नाही, आयएससीईव्ही या आंतरराष्ट्रीय संघटनेचं व्हीईपीचं स्टँडर्ड आहे, २०१६ चं, नेटवर फुकट मिळतं, एकदा प्रिंट काढून मशीनशेजारी चिकटवा.

सुरुवात पडद्यापासून. चौकोन दोन मापांचे लागतात, १ अंशाचे मोठे आणि पाव अंशाचे छोटे. आता अंश म्हणजे किती ते अंतरावर ठरतं, पेशंट १ मीटरवर असेल तर मोठा चौकोन साधारण १७.५ मिलिमीटर आणि छोटा ४.४. पट्टी घेऊन पडद्यावर खरंच मोजा हो, सॉफ्टवेअरमध्ये अंतर १०० टाकलेलं असतं आणि खुर्ची सरकत सरकत ८० वर आलेली असते. आम्ही फरशीवर रंगीत टेप मारलाय, खुर्चीचे पाय त्याच्यावरच. पूर्ण पॅटर्न कमीत कमी १५ अंशांचा हवा, म्हणजे १ मीटरवरून पडद्याची लहान बाजूसुद्धा २६ सेंटिमीटरच्या वर पाहिजे. सरासरी ब्राइटनेस ५० कँडेला प्रति चौरस मीटर (४० ते ६० चालतं), कॉन्ट्रास्ट किमान ८० टक्के. पांढरा ९० आणि काळा १० आला तर फरक ८०, बेरीज १००, झाले ८० टक्के. हे मोजायला ल्युमिनन्स मीटर लागतो, मोबाइलचं लक्स ॲप नाही चालत, ते खोलीतला उजेड मोजतं. आणि एलसीडी असेल तर सर्व्हिस इंजिनिअरला म्हणा की पडद्यावर फोटोडायोड (उजेड टिपणारा सेन्सर) लावून खरा उशीर किती ते काढून दे, तो आकडा लेखी घ्या.

चौकोन उलटायचा वेग सेकंदाला २, पण इथे एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. आपली विजेची लाइन ५० हर्ट्झची, त्यामुळे बरोबर २ ठेवलं तर चौकोन एकदा उलटून पुन्हा उलटेपर्यंत लाइनचे बरोबर २५ फेरे होतात, मग ॲव्हरेजिंगमध्ये (अनेक रिस्पॉन्सची सरासरी काढताना) लाइनची ती घरघर पुसली जायच्या ऐवजी साचत जाते. १.९ ठेवा. स्टँडर्डमध्ये १.८ ते २.२ चालतं. नॉच फिल्टर (लाइनची ५० हर्ट्झची घरघर कापणारा) मात्र लावायचा नाही, त्याने वेव्हच बिघडते. त्यापेक्षा स्टॅबिलायझर, फॅनचा रेग्युलेटर, टेबलावरचा चार्जर एकेक बंद करून बघा आणि अर्थिंग तपासून घ्या.

आता डोकं. अपॉइंटमेंट देतानाच सांगा, शाम्पूने केस धुऊन या, तेल लावू नका. सांगितलं नाही तर खोबरेल तेलाने चपचपीत डोकं समोर येतं आणि अर्धा तास नुसतं घासण्यात जातो. इलेक्ट्रोड अंदाजाने लावू नका. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा, समजा ३६ सेंटिमीटर आले तर मागच्या उंचवट्यापासून ३.६ वर ओझेड (मागचा, रिस्पॉन्स टिपणारा इलेक्ट्रोड), पुढून १०.८ वर एफझेड (पुढचा, तुलनेचा), ग्राउंड कानाच्या पाळीला. अंबाडा असेल तर नेमका ओझेडवरच असतो, तो सोडायलाच लावायचा, संकोच नको. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला अडथळा) ५ किलोओहमच्या आत आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चष्मा असेल तर चष्म्यासकट टेस्ट, डोळे एकेक करून. "चष्मा घरी राहिला" म्हणणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो, कारण धूसर दिसलं की छोट्या चौकोनांचा रिस्पॉन्स आधी ढेपाळतो. बाहुली मोठी करायचे थेंब टाकलेले असतील तरी पॅटर्न टेस्ट त्या दिवशी नको. चालू असताना चेहऱ्याकडे लक्ष ठेवा, "आजी, मधल्या लाल टिपक्याकडेच बघा हं" असं बोलत राहा, एसीच्या गारव्यात अर्धे लोक पेंगतात. एका ॲव्हरेजला किमान ५० स्वीप (म्हणजे ५० वेळा चौकोन उलटल्याचे रिस्पॉन्स), आणि प्रत्येक ॲव्हरेज दोनदा. दोन रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत तर वाचायला जाऊ नका, तिसरी घ्या. ज्यांना पॅटर्न दिसतच नाही त्यांच्यासाठी फ्लॅश, म्हणजे चौकोनांऐवजी नुसता लख्ख उजेड.

आणि सगळ्यात कंटाळवाणं काम, स्वतःचे नॉर्मल. कंपनीच्या मॅन्युअलमधली सीमा तुमच्या पडद्याला लागू होत नाही. स्टाफ, नातेवाईक, पेशंटबरोबर आलेले धडधाकट लोक पकडा, वेगवेगळ्या वयाचे, साठीच्या पुढचे वेगळे कारण वयाने पी१०० हळूहळू लांबतो. २० जणांवर भागवू नका, नॉर्मलची सीमा ठरवायला खालचे-वरचे अडीच अडीच टक्के काढायचे तर २० मध्ये ते अर्धा माणूस होतात, किमान ४० तरी हवेत. मॉनिटर बदलला, खोली बदलली की आधी ४-५ ओळखीचे लोक बसवून जुन्या आकड्यांशी ताडून बघा, फरक निघाला तर सगळं पुन्हा.

रिपोर्टवर नुसतं "पी१०० ११८" लिहू नका. चौकोनाचं माप, कुठला डोळा, चष्म्यासह नजर किती, तुमच्या लॅबची सीमा आणि दोन्ही रेषा छापा. रेषेत पॉझिटिव्ह वर काढलंय की खाली तेही लिहा. आयएससीईव्हीप्रमाणे वर असतं, पण न्यूरोवाल्यांकडे उलटंही काढतात, आणि माझ्यासमोर एकदा एका डॉक्टरांनी आमचा कागद उलटा धरून वाचलाय.