लस्टरमध्ये डेटा हलवताना या चुका टाळा

लस्टर ही अनेक सर्व्हरवरच्या डिस्क एकत्र जोडणारी फाइल सिस्टम. तिच्यात डेटा हलवण्याचं काम, म्हणजे मायग्रेशन, मध्येच अडकलं की बहुतेक जण तीच कमांड पुन्हा चालवतात. कृपा करून तसं करू नका. आधी लॉगमधला एरर क्रमांक वाचा. उणे २८ म्हणजे जागा नाही, उणे १२२ म्हणजे कोटा संपला, उणे १६ म्हणजे फाइल वापरात आहे आणि उणे ५ म्हणजे वाचणं किंवा लिहिणंच फसलं. उणे २ दिसला तर बहुधा यादी बनवल्यानंतर कुणीतरी फाइल पुसली आहे, तो सोडून द्या. उणे ५ दिसला तर मात्र तिथेच थांबा आणि सर्व्हरच्या कर्नल लॉगमध्ये डिस्क आणि नेटवर्कच्या तक्रारी शोधा. डिस्क खराब होत असताना त्याच फाइली पुन्हा पुन्हा वाचायला लावल्या, तर वाचण्याजोगा डेटाही हातचा जाऊ शकतो.

उणे २८ मुळे सगळ्यात जास्त गोंधळ उडतो. एकूण जागा भरपूर मोकळी दिसते, तरी एरर येतोच. कारण फाइल ठरावीक ओएसटींवरच (फाइलींचा डेटा साठवणाऱ्या साठ्यांवरच) लिहिली जाते आणि त्यांतला एक जरी भरला तरी काम अडतं. म्हणून प्रत्येक ओएसटीची मोकळी जागा वेगळी पाहा, एमडीटीवरचे (फाइलींची नावं आणि माहिती ठेवणाऱ्या साठ्यावरचे) आयनोडही, म्हणजे फाइलींच्या नोंदीही, पाहा. अवाढव्य फाइल एकाच स्ट्राइपची, म्हणजे सगळी एकाच ओएसटीवर, असेल तर हलवतानाच स्ट्राइपची संख्या वाढवा.

ओएसटी रिकामा करायचा म्हणून तो एमडीएसवर (एमडीटी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) थेट निष्क्रिय करणं, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. नव्या फाइली तिथे जायच्या थांबतात हे खरं, पण जुने ऑब्जेक्ट (ओएसटीवरचे फाइलींचे तुकडे) पुसण्याचा निरोपही तिथवर पोचत नाही. फाइली हलतात आणि जागा मात्र सुटत नाही. निष्क्रिय करण्याऐवजी त्या ओएसटीची ‘मॅक्स क्रिएट काउंट’ ही सेटिंग शून्य करा, म्हणजे नवे ऑब्जेक्ट बनत नाहीत आणि जुने पुसले जातात. एमडीटी एकाहून जास्त असतील तर हे प्रत्येकावर करावं लागतं. एखादा हमखास राहून जातो आणि मग रिकामा होत आलेला ओएसटी पुन्हा भरू लागतो. बदलण्याआधीचा आकडा लिहून ठेवा.

उणे १६ आला म्हणून वैतागून आरसिंककडे (फाइली कॉपी करणाऱ्या साधनाकडे) वळू नका. हा एरर तुमच्या डेटाचं रक्षणच करतोय. आरसिंक नवी प्रत बनवून जुन्या नावावर बसवतो. त्या वेळी एखादा जॉब (चालू असलेला प्रोग्राम) जुन्या फाइलीत लिहीत असेल, तर ते लिखाण नव्या प्रतीत येत नाही आणि एररही दिसत नाही. अशा फाइलींची यादी बाजूला काढा, जॉब संपले की त्या हलवा.

डिरेक्टरी एका एमडीटीवरून दुसऱ्यावर नेताना काम तुटलं तर ती अर्धवट अवस्थेत राहते. इथे मात्र तीच कमांड, त्याच लक्ष्य एमडीटीसह, पुन्हा चालवायची असते. आयनोड क्रमांक बदलतात, त्यामुळे त्यांवर विसंबणारं बॅकअप सॉफ्टवेअर सगळ्या फाइली नव्या समजू शकतं. बॅकअप सांभाळणाऱ्यांना आधी कळवा.

कमांड एररशिवाय संपली, तरी ओएसटी लगेच काढू नका. त्या ओएसटीवर ऑब्जेक्ट असलेल्या फाइली लस्टरच्या ‘एलएफएस फाइंड’ या कमांडने शोधा. यादी रिकामी आली आणि वापरलेली जागाही खाली आली, तरच पुढे जा. यादी रिकामी असूनही जागा अडकलेली दिसली, तर तो ओएसटी कुठे निष्क्रिय राहिलाय का ते तपासा.