हाडं घोकू नका, चाचपा

२०६ हाडांची यादी पाठ करायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सोलापुरात मी बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवते. यादी घोकून आलेल्या मुली तोंडी परीक्षेत हातात हाड आलं की गप्प होतात. नवी पेठेतून तक्ता आणलाच असेल तर भिंतीवर लटकू दे. शिकायचं आपल्याच अंगावर, बोटांनी.

आधी नावं. अर्धी घरातच शिकलेली असतात: कवटी, जबडा, बरगड्या, माकडहाड, नडगी. त्यांच्यापुढे परीक्षेतलं नाव लिहा. नडगी टिबिया, गुडघ्याची वाटी पटेला, पाठीवरचा फरा स्कॅप्युला. दोन दिवसांचं काम. मणके तेवढे मोजून ठेवा: मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५.

मग सरळ उभे राहा. हात बाजूला, तळवे समोर, अंगठे बाहेर. सगळ्या दिशा या उभ्या माणसावरून ठरतात. म्हणून करंगळी मीडियल, म्हणजे अंगाच्या मधल्या रेषेकडे, आणि अंगठा लॅटरल, म्हणजे बाहेरच्या बाजूला, मग हात कसाही ठेवलेला असो. डावं-उजवं चित्रातल्या माणसाचं, बघणाऱ्याचं नव्हे.

कोपर वाकवलं की फ्लेक्शन, सरळ केलं की एक्स्टेन्शन. हात अंगापासून लांब नेला की ॲब्डक्शन, अंगाशी आणला की ॲडक्शन. पुढे चला.

आता जिथे सगळे अडकतात ते. हात उताणा करणं सुपिनेशन, पालथा करणं प्रोनेशन. शब्द लक्षात राहतात: सुपात ज्वारी घेऊन पाखडताना तळवे वर असतात, आणि 'प्रो'तला प पालथ्याचा. भाकरी थापतो तो हात पालथा. पण फिरतं काय, हे विचारलं की दरवर्षी एकच उत्तर येतं, "मॅडम, मनगट फिरतंय की!" नाही फिरत. मनगट नुसतं ओढलं जातं.

कोपरापुढे दोन हाडं. अंगठ्याकडची रेडियस, करंगळीकडची अल्ना. माझीच तोंडी परीक्षा इथे बुडाली होती. परीक्षकांनी अल्ना हातात दिली. हाडाचं डोकं वरच असणार, या हिशोबानं मी ती उलटी धरली. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमचं कोपर मनगटाला आहे का?" रेडियसचं डोकं कोपरापाशी असतं, अल्नाचं मात्र खाली मनगटापाशी. हात पालथा केला की मनगटाच्या मागे करंगळीच्या बाजूला जो उंचवटा दिसतो, ते अल्नाचं डोकं. हे आधी दाबून बघा, पुस्तक नंतर.

आता कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवा. ही पायरी गाळू नका. हात लांब सोडून फिरवलात तर खांदाही सोबत फिरतो आणि तुम्हाला भलतंच दिसतं. मी एक अख्खं वर्ष असंच चुकीचं शिकले. कोपराच्या टोकावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवा आणि मागच्या कडेनं मनगटापर्यंत सरकवा. कातडीखाली सलग कड लागते, ती अल्ना. बोट तिच्या मधोमध ठेवून हात उताणा-पालथा करा. कड जवळजवळ जागची हलत नाही.

मग कोपराच्या बाहेरच्या अंगाचा टोकदार उंचवटा शोधा आणि त्याच्या जेमतेम बोटभर पुढे दाबा. हात फिरवा. बोटाखाली काहीतरी गोल, खुंटीसारखं जागच्या जागी फिरेल. ते रेडियसचं डोकं. वरचं टोक तिथेच गरगरतं, खालचं टोक मात्र अल्नाला वळसा घालून पलीकडे जातं. म्हणून उताण्या हातात दोन्ही हाडं शेजारी-शेजारी, पालथ्यात रेडियस अल्नावर तिरपी. खुंटी सापडली नाही तर बोट फार पुढे मांसात गेलंय, जरा मागे घ्या. जाड हातावर वेळ लागतो, बारीक भावंडाचा हात मागून घ्या.

पायात हा प्रकार नाही, टिबिया आणि तिच्या शेजारची बारीक फिब्युला एकमेकींवरून जात नाहीत. पाऊल वर ओढलं की डॉर्सिफ्लेक्शन, चवड्यावर उभं राहिलं की प्लँटरफ्लेक्शन.

शेवटी एक स्क्रू घ्या. कोपर वाकवलेलं ठेवून उजव्या हातानं घट्ट पिळा आणि डाव्या हातानं दंडाची बेटकुळी धरा. ती टणक होते, कारण तिची दोरी रेडियसला बांधलेली असते आणि हात उताणा करायला तीच ओढते. आता स्क्रू सैल करा आणि बेटकुळी पुन्हा दाबून बघा.