माळ्यावरचा रेडिओ खाली आणलात? लगेच लावू नका

गोव्यात जुन्या घराच्या वाटण्या झाल्या की माळ्यावरून हमखास एखादा रेडिओ खाली येतो. कुणीतरी फडक्याने धूळ पुसतं, कुणीतरी वायर प्लगात घालतं, आणि साठ वर्षं टिकलेला ट्रान्सफॉर्मर दोन मिनिटांत जळतो. डिचोलीला माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो जळका वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. म्हणून कळकळीने सांगते, पहिल्या दिवशी रेडिओ लावायचाच नाही.

सध्या माझ्या टेबलावर आहे तो जर्मन सेट म्हापशाहून आलाय, मावशीच्या सासरचा. पियानोसारखी बटणं, हिरवा मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा दिवा), काचेवर लक्झेंबर्ग, हिल्वरसम अशी केंद्रांची नावं. गोवा मुक्तीच्या आधीचा आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून रानात लपून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गोवा मुक्तीसाठीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, त्या दिवसांत हा सेट त्या घरात होता. मावशीच्या सासूबाई सांगायच्या, ते ऐकताना पुढची दारं लावून घ्यायचे आणि आवाज इतका बारीक ठेवायचे की कान जाळीला टेकवावा लागे. असा सेट घाईने जाळून टाकायचा नसतो.

आधी मागचं कव्हर काढा आणि वाल्ववरची, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवरची, नावं वाचा. ईसीएच ८१, ईएल ८४ अशी ‘ई’ने सुरू होत असतील तर बहुधा आत मेन, म्हणजे घरच्या विजेचा, ट्रान्सफॉर्मर आहे. ती ‘यू’ने सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच ८१ वगैरे, तर त्या सेटची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असू शकते. सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर तुमच्याकडे नसेल तर तिथेच थांबा आणि जाणत्या माणसाकडे न्या. ‘ई’च्या सेटमध्येही आत अडीचशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, राहतात. दहा किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेट केलेल्या वायरींना जोडून मोठ्या कंडेन्सरवर काही सेकंद धरा, मग मीटरने शून्य आलंय का ते बघा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

हात लावण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा. नंतर मऊ ब्रशने कोरडी सफाई. म्हापशाच्या सेटमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्या मधल्या फटीत कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. ते ओढून काढलं असतं तर केसाएवढी तार तुटली असती. मी कापसाच्या काडीने थेंब थेंब पाणी लावून माती सैल केली आणि चार दिवस सेट उन्हाच्या कडेला, पण सावलीत वाळवला. डायलच्या काचेला मागून ओलं फडकं लावू नका. अकरावीत असताना मी बाबांच्या एका गिऱ्हाइकाची काच अशीच पुसली, आणि ‘रोमा’ आणि ‘लिस्बोआ’ ही दोन्ही नावं फडक्यावर उतरून आली. ती अक्षरं मागून रंगवलेली असतात. बाबा रागावले नाहीत, पण दोन दिवस बोललेही नाहीत.

आता खरं काम, कागदी कंडेन्सर. आमच्या हवेत ते वाचत नाहीत. डांबरासारख्या थराला केसाएवढी चीर जाते, तिच्यातून चाळीस-पन्नास पावसाळ्यांची ओल आत शिरते. साधं मीटर त्याला ‘चांगला’ म्हणतं, कारण मीटर दोन-चार व्होल्टच लावतं. गळती दिसते ती शंभर व्होल्टवर. त्यातला एक सगळ्यांत घातकी, ईएबीसी ८० या वाल्वच्या प्लेटपासून ईएल ८४ या आउटपुट वाल्वच्या ग्रिडकडे (वाल्वचा करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीकडे) जाणारा, ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, वाल्व भलताच करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. तो ट्रान्सफॉर्मर आज सहज मिळत नाही. कंडेन्सर मात्र चहाच्या पैशात येतो, म्हणून तपासत न बसता बदलाच. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घ्या. मग बाकीचे कागदी एकेक करून. एक काढायचा, एक लावायचा, तरच चूक होत नाही.

फिल्टर कंडेन्सरचा (डीसी सपाट करणारा) जुना ॲल्युमिनियमचा डबा जागेवर राहू द्या, त्याच्या तारा सोडवून खालच्या बाजूला ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन बसवा. एसीचं डीसी करणारा सेलेनियम रेक्टिफायर असेल तर सिलिकॉन ब्रिज लावा आणि ओळीत साधारण शंभर ते दोनशे ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टन्स घाला, नाहीतर व्होल्टेज वाढतं. जळका सेलेनियम फार वाईट वास मारतो आणि तो धूर विषारी असतो.

मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघायला विसरू नका. आमच्याकडे लाइन बऱ्याचदा २४० च्या वर असते. २२० वर असेल तर २४० वर न्या.

आता लावायचा, पण सीरिज बल्बमधून, म्हणजे मेनच्या एका तारेत बल्ब जोडून. जुन्या पद्धतीचा तारेचा १०० वॅटचा बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब आधी उजळून मग मंदावला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सगळं ठीक दिसलं की बल्ब काढून सेट सरळ मेनला लावा आणि मीटरची काळी वायर चासीला, लाल वायर ईएल ८४ च्या दोन नंबरच्या पिनला, म्हणजे ग्रिडला, लावून बघा. तिथे शून्य हवं. तीन नंबरच्या पिनवर साधारण सात व्होल्ट दिसतात. हात लावताना एक हात खिशात ठेवा, बाबांनी मला पहिल्यांदा हेच शिकवलं.

हवेतल्या गंधकाने बटणांचे चांदीचे काँटॅक्ट काळे पडतात. सँडपेपर लावलात तर चांदीच जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, प्लग काढलेला असताना, प्रत्येक बटण तीस-चाळीस वेळा दाबा. डायलची दोरी तुटली असेल तर म्हापशाच्या बाजारात मिळणारी विणलेली मासेमारीची दोरी उत्तम, साधं नायलॉन ताणतं.

आयएफच्या स्लगना, म्हणजे ट्यूनिंग जुळवणाऱ्या कॉइलमधल्या फिरत्या गाभ्यांना, उगीच हात लावू नका. त्यांचं ट्यूनिंग पुष्कळदा जागच्या जागीच असतं. डायल बरोबर आहे का हे बघायला रात्री १० मेगाहर्ट्झ लावा. चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदासेकंदाचे ठोके ऐकू येतात. मिडियम वेव्हवर आकाशवाणीचं पणजी केंद्र १२८७ किलोहर्ट्झवर. शॉर्टवेव्हवर आता गर्दी नाही. बीबीसीची हिंदी सेवा शॉर्टवेव्हवरून जानेवारी २०२० मध्ये गेली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. तरी संध्याकाळनंतर ३१ आणि ४९ मीटरवर बरंच सापडतं. एरियलला दहा मीटर तार घराच्या कोपऱ्यापासून माडापर्यंत बांधा आणि घरातले एलईडी दिवे मालवून बघा, अर्धी खरखर जाते.

वीज चमकू लागली की तार सेटपासून सोडवायची. पावसाळ्यात मात्र सेट गुंडाळून ठेवू नका. आठवड्यातून एकदा, आभाळ शांत असताना, अर्धा तास लावा. वाल्वच्या उष्णतेने आतली ओल निघून जाते.